डाव्या हाताचा कौल

हॉकी स्टिक हातात आली की माझी भाची आधी तिच्याकडे बघत नाही. दुकानातल्या काकांनी खुंटीवरून काढून दिलेली स्टिक ती आडवी धरते, हेडच्या बाजूला जराशी सरकवते आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवते. स्टिक इकडे कलते, तिकडे कलते, मग बोटावर ठरते. त्या जागी ती अंगठ्याचं नख टेकवून ठेवते. रंग कोणता, त्यावर नाव कुणाचं, किंमत किती, हे सगळं मागाहून. पहिल्यांदा तिला एवढंच हवं असतं, की हिचा भार कुठे आहे.

वजनकाट्यावर तंतोतंत सारख्या भरणाऱ्या दोन स्टिका हातात सारख्या लागत नाहीत. एकीचा भार हेडकडे उतरलेला असतो. ती फटक्याला आपणहून धावते आणि चेंडूवर पडते तेव्हा जोरात पडते. पण धावता धावता झटकन दिशा बदलायची म्हटलं की मनगटाला ओढ देते. दुसरीचा भार वर, मुठीकडे चढलेला. ती चटकन फिरते, चेंडूच्या या बाजूची त्या बाजूला होते, पण लांबच्या हिटला सगळा जोर खेळाडूलाच घालावा लागतो. नियमाने स्टिकचं वजन 737 ग्रॅमपर्यंत चालतं. आजचे वरच्या दर्जाचे खेळाडू त्याच्या जवळपासही जात नाहीत. बहुतेकांच्या स्टिका साडेपाचशे ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे असतात. वीस-पंचवीस ग्रॅमच्या फरकावर तासभर बोलणारी मुलं मी ऐकली आहेत. बाहेरच्या माणसाला ते वेड वाटेल. मला त्यात फार मोठी निष्ठा दिसते. ज्या वस्तूशी आपलं रोजचं नातं आहे तिचं इतकं बारीक भान फार थोड्या कामांत राखलं जातं.

‘‘मामा, ही धरून बघ,’’ ती म्हणाली. मी धरली. मला ती फक्त एक चांगली स्टिक वाटली. तिने माझ्या हातातून ती परत घेतली, जमिनीवर हेड हलकेच आपटलं आणि कान न देता हातानेच काहीतरी ऐकलं. माठ घेताना बोटाने वाजवून बघतात ना, तसंच. ‘‘फार कडक आहे,’’ ती काकांना म्हणाली. ‘‘पास घेताना चेंडू उडेल.’’

ती सेंटर हाफला खेळते. तिच्याकडे चेंडू सगळीकडून येतो: मागून बॅकचा जोरदार पास, बाजूने हाफचा पुश, कधी डोक्यावरून आलेला एरियल. त्यातला प्रत्येक चेंडू थांबला पाहिजे, आणि थांबला म्हणजे नुसता अडला नाही, तर पुढची चाल सुरू होईल अशा जागी थांबला पाहिजे. जी स्टिक कार्बनने भरलेली आहे ती ताठ असते. ताठपणातून फटक्याला बळ मिळतं, पण तोच ताठपणा येणाऱ्या चेंडूलाही परत ढकलतो. कार्बन कमी करून काचतंतू वाढवले की स्टिक मवाळ होते, चेंडू तिच्यावर विसावतो, मात्र फटक्यातलं काही तरी हरवतं. मध्ये अ‍ॅरामिडचे धागे घातले की हाताला बसणारा झटका कमी होतो. अशा या तडजोडी आहेत. शिकाऊ मुलाला त्यांची गरज नसते. त्याला मवाळ, समजूतदार स्टिक द्यावी आणि खेळू द्यावं. पण ज्याचा हात तयार झाला आहे त्याला ठरवावंच लागतं, की आपण कशावर पाणी सोडायला तयार आहोत. सगळं एकाच स्टिकमध्ये देणारा कारागीर अजून जन्माला आलेला नाही.

मी खडकीत वाढलो. दारूगोळा कारखान्याची वसाहत, लष्कराच्या बराकी, चर्च, देवळं, आणि जिथे चार झाडं सोडून मोकळी जागा असेल तिथे हॉकी. शहरात मुलं स्टंप ठोकत तेव्हा आमच्याकडे दोन दगड गोल म्हणून ठेवलेले असत. त्या काळी स्टिक लाकडाची. हेड तुतीच्या लाकडाचं, वाफेवर मऊ करून वाकवलेलं. हँडल वेताचं, वेताच्या चिरफळ्यांमध्ये रबराच्या पट्ट्या घालून, चिकटवून, वर दोरा गुंडाळलेला. हातात धरलं की त्या रबरामुळे एक सूक्ष्म लवचीकपणा जाणवे. वडीलधारी मंडळी स्टिक निवडताना हेडच्या वळणावर नजर लावत. लाकडाचे रेशे वळणाबरोबर वळले आहेत का, की मध्येच तुटून बाहेर निघाले आहेत? रेशे वळलेले असतील तर स्टिक टिकायची. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात टोवर, म्हणजे हेडच्या टोकावर, चीर. आणलेल्या स्टिकला जवसाचं तेल पाजायचं, हेडवर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि मग ती ज्याची त्याची व्हायची. दुसऱ्याच्या स्टिकने खेळायला कुणाला आवडत नसे, आणि आपली दुसऱ्याला द्यायला तर मुळीच नाही.

या स्टिका यायच्या जालंधरहून, मेरठहून. त्यामागे एक मोठी वाट आहे. फाळणीपूर्वी हॉकीच्या लाकडाचं माहेर सियालकोट. 1947 मध्ये तिथले कितीतरी हिंदू आणि शीख कारागीर आपली कला घेऊन या बाजूला आले आणि जालंधरच्या वस्त्यांमध्ये पुन्हा उभे राहिले. लाकूड वाकवायचं कसब दोन्हीकडे राहिलं. पुढे भारत-पाकिस्तान सामन्यांत दोन्ही संघ एकमेकांना भिडत तेव्हा एकाच घराण्याची विद्या दोन्ही हातांत असे, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून ते जुने सामने मी वेगळ्याच मनाने आठवतो.

तुतीची गोष्ट इथेच संपत नाही. इंग्रजांच्या छावण्यांबरोबर हा खेळ इकडे आला तेव्हा स्टिकचं हेड लांबट होतं. जोरात मारायला ते बरं. पण चेंडू पायाशी ठेवून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नाचवायचा, समोरच्या फुलबॅकला भलत्याच दिशेला पाठवायचं, तर स्टिक क्षणात उलटी व्हायला हवी, आणि उलट्या स्टिकचा लांब टो जमिनीला अडतो. तुतीचं लाकूड घट्ट वळण सोसतं. म्हणून इथल्या कारागिरांनी टो आखूड केला, वळण आवळलं. त्या आखूड हेडने भारतीय ड्रिबल जगासमोर आला आणि मग सगळ्या जगाने तेच हेड उचललं. आज साच्यात घडवलेल्या महागड्या कार्बन स्टिकचं हेड बघा. तिच्या वळणात तुतीचं झाड आहे.

ध्यानचंदांची ती कथा सगळ्यांनाच ठाऊक आहे. हॉलंडमध्ये म्हणे त्यांची स्टिक फोडून आत लोहचुंबक आहे का ते पाहिलं. ती घडली की नाही याच्या मी मागे लागत नाही. 1936 मध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला 8-1 असं हरवलं, हे तर नोंदलेलं आहे. दंतकथा मला वेगळ्या कारणाने आवडते. बघणाऱ्यांना जे समजलं नाही ते त्यांनी स्टिकच्या पोटात शोधलं. आजही कुणी अप्रतिम खेळला की मुलं पहिल्यांदा विचारतात, तो कोणती स्टिक वापरतो. शोध तोच आहे.

आणि तरीही स्टिकला काहीच श्रेय नाही असं म्हणणं मला पटत नाही. स्टिक हाताला घडवते. हॉकीची गंमत अशी, की इथे डावऱ्यांसाठी वेगळी स्टिक नाही. स्टिकची डावी बाजू सपाट, उजवी गोल. चेंडू सपाट बाजूनेच खेळायचा. गोल पाठीला लागला की शिट्टी. जगातल्या प्रत्येक खेळाडूला, तो उजवा असो वा डावरा, डावा हात वर आणि उजवा खाली असाच उभा राहावं लागतं. पहिल्या दिवशी सगळी मुलं उजव्या हाताने जोर लावतात आणि स्टिक लाकडासारखी आडमुठी होते. हळूहळू कळत जातं, की स्टिक फिरवायची आहे डाव्या हाताने. उजवा हात नुसतं कडं होतो. त्या कड्यातून स्टिक फिरत राहते. लिहिताना, जेवताना, कुणाला बोलावताना आपण ज्या हाताला मागे ठेवतो तो इथे मालक असतो. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसांच्या डाव्या तळव्यात, करंगळीच्या बाजूला, एक घट्टा असतो. मी हस्तांदोलन करताना तो शोधत नाही, कारण हस्तांदोलन उजव्याने होतं. पण चहाचा कप घेताना कुणाचा डावा तळवा दिसला की कळतं.

म्हणून भाची स्टिक डाव्या बोटावर तोलते तेव्हा ती योग्य हाताला विचारत असते.

लाकूड गेलं ते एका दिवसात गेलं नाही. 1975 मध्ये भारताने क्वालालंपूरला विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर हॉकी झाली आणि भारत सातवा आला. माझ्या वडिलांच्या पिढीने त्या एका वर्षाचं दुःख जन्मभर सांभाळलं. मैदान बदललं, एवढंच ते म्हणत. गवतावर चेंडू उसळायचा, खड्ड्यात अडायचा, मनगटाने त्याची समजूत काढावी लागायची. टर्फवर तो सरळ आणि भरधाव येतो. त्याला वाकून, स्टिक जवळजवळ आडवी टाकून अडवावं लागतं. तो तितक्याच वेगाने पुढे पाठवावा लागतो. नव्वदच्या दशकात कार्बन, काचतंतू, अ‍ॅरामिड यांच्या स्टिका आल्या आणि तुती मागे सरली. मला तिची हुरहुर आहे, पण तक्रार नाही. लाकडाच्या दोन स्टिका कधी एकसारख्या निघत नसत. मनाजोगती मोडली की माणूस पोरका व्हायचा. आता तशीच दुसरी मिळते. ज्या कार्बनने हा आधार दिला त्याला नाकारण्यात अर्थ नाही.

या नव्या स्टिकांमध्ये मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो त्यांचा बाक, ज्याला सगळे बो म्हणतात. स्टिक सपाट बाजूवर पालथी ठेवली तर ती पूर्ण टेकत नाही. मधे कमानीसारखी उचललेली राहते. ही उंची 25 मिलिमीटरहून जास्त नको, आणि कमानीचा सगळ्यात उंच बिंदू हेडच्या तळापासून 200 मिलिमीटरच्या आत नको, असा नियम आहे. नियम एवढा काटेकोर का, तर या एका इंचाच्या कमानीने खेळ बदलून टाकला. पेनल्टी कॉर्नरला पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलच्या मागच्या फळीच्या, म्हणजे 460 मिलिमीटरच्या, वर जाऊन चालत नाही. फ्लिकला मात्र उंचीची ही मर्यादा नाही. मग खेळाडूंनी फ्लिकच लांबवली. उजवा पाय मागून टाकायचा, चेंडू दांड्याच्या कुशीत घ्यायचा, डावा पाय लांब पुढे रोवायचा आणि चेंडूला जमिनीवरून ओढत ओढत आणून शेवटच्या क्षणी झटकायचं. त्या ओढीत चेंडू स्टिकवरून निसटू नये म्हणून बाक खाली, हेडजवळ उतरवला. तिथे चेंडूला घर मिळतं. हरमनप्रीत सिंगने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 10 गोल केले. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध 2-1 असा निकाल लागला तेव्हा भारताचे दोन्ही गोल त्याचेच होते. टीव्हीवर त्याची ड्रॅग फ्लिक संथ करून दाखवतात तेव्हा मी गोलकडे बघत नाही, चेंडू दांड्यावर किती वेळ राहतो ते बघतो. तिथे तो मारलेला नसतो, वाहून आणलेला असतो.

हे बघून प्रत्येक मुलाला लो बो स्टिक हवी असते. दुकानातले काका ती काढून देतात, पण आधी विचारतात, ‘‘बाळा, तू कॉर्नर घेतोस का?’’ मला हा प्रश्न फार आवडला. कारण त्या खाली उतरलेल्या बाकाने साधा हिट मारायला गेलं की चेंडू उचलला जातो. जमिनीसरशी खणखणीत पास द्यायचा तर हाताची सवय मोडावी लागते. जो सामन्यात शंभर वेळा पास देतो आणि कॉर्नरला कधी उभाच राहत नाही, त्याने त्या एका झटक्यासाठी शंभर पास का बिघडवावेत? भाचीने लो बो हातातही घेतली नाही. तिने बाक जरा वर असलेली, कार्बन बेताचा असलेली, 36.5 इंचांची घेतली. ‘‘उंचीच्या मानाने आखूड नाही का?’’ मी विचारलं. ‘‘मला खाली राहायचंय,’’ ती म्हणाली. तिला मैदान जसं दिसतं, ज्या उंचीवरून दिसतं, ते त्या एका वाक्यात होतं. लांब स्टिकने पल्ला वाढतो, अडवायला बरं पडतं. आखूड स्टिकने माणूस चेंडूच्या जवळ जातो.

स्टिक इतकी जोखून निवडताना मला खडकीचाच धनराज पिल्ले आठवतो. त्याचे वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. मुलं तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन त्या वसाहतीतल्या मऊ, चिखलाच्या मैदानावर खेळली. तिथून निघालेला माणूस चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळला आणि 1998 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकलं. मोडकी स्टिक घासून, बांधून घेतलेली. तिचा भार कुठे आहे हे विचारायची सोय नाही. असेल तिथून तो भार हाताने ओळखायचा आणि हातच त्याप्रमाणे घडवायचा. धनराजचा वेग, ती केसांची झेप, चेंडू स्टिकपुढे पळतोय की स्टिकलाच बांधलाय असा भास, हे सगळं आम्ही पाहिलं आहे. यावरून कुणी म्हणेल, की मग ही वीस-पंचवीस ग्रॅमची चर्चा व्यर्थ. मला तसं वाटत नाही. अभावात माणूस घडला म्हणून अभावाची आरती करू नये. त्याच गल्ल्यांत तितक्याच हुशार हाताची किती मुलं मोडकी स्टिक हातात घेऊन थांबली, याची मोजदाद कुठेच नाही. आजही चांगल्या कार्बन स्टिकची किंमत अनेक घरांचा महिन्याचा किराणा खाऊन टाकते. राज्याच्या संघात खेळणाऱ्या मुलीसुद्धा मोठ्या बहिणीची, सीनियरची, मवाळ पडलेली स्टिक वापरताना मी बघतो.

मवाळ पडणं ही या नव्या स्टिकांची एक व्यथाच आहे. लाकूड मोडायचं तेव्हा आवाज करायचं. कार्बन आतून थकतो. वरून रंग तसाच असतो, टोचा थोडा टवका उडालेला असतो, पण हिटमध्ये पूर्वीचा दम राहत नाही. खेळाडूला आधी वाटतं आपलंच काही चुकतंय. तो खांदा तपासतो, पाय तपासतो, रात्री उशिरापर्यंत भिंतीवर चेंडू मारतो. मग एके दिवशी सहज मैत्रिणीची नवी स्टिक हातात येते आणि तिचा पहिलाच पास कळवून जातो. जुनी स्टिक टाकवत नाही. आमच्याकडे ती कपाटामागे उभी आहे. वेळप्रसंगी ओला पडदा लोटायला, वरच्या फळीवरची पिशवी ओढायला निघते. भाचीची आई ती उजव्या हाताने धरते, हे बघून भाचीला चैन पडत नाही.

परवा नेहरूनगरच्या टर्फवर सराव बघत उभा होतो. सुरू होण्याआधी फवारे सुटले. ओल्या टर्फवर चेंडू घसरतो, म्हणून वेग, म्हणून हे सगळं तंत्र, म्हणून या स्टिका. एप्रिलचं ऊन होतं आणि मैदानावर पाणी कोसळत होतं. आपल्याच राज्यात त्याच दिवशी कुठल्या गावी टँकरची वाट बघत हंडे रांगेत असतील, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघालाही हा प्रश्न सुटलेला नाही. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कमी पाणी लागणारं टर्फ अंथरलं होतं, आणि पुढचं स्वप्न पाण्याशिवायच्या टर्फचं आहे. तसं मैदान आलं तर चेंडू कदाचित थोडा धरला जाईल, थोडा थांबेल. मग एवढा ताठ कार्बन हवा का? ड्रॅग फ्लिकचा बाक आहे तिथेच राहील, की पुन्हा सरकेल? मनगटाला परत थोडी जास्त जागा मिळेल का? मी भाचीला हे विचारलं तेव्हा ती बूट बांधत होती. ती म्हणाली, ‘‘मामा, आधी आमच्याकडे एक तसं टर्फ आणा. स्टिक कोणती ते मी आठवड्यात सांगते.’’